इमली गलीचा अर्ज

दिवाळीच्या सुट्टीला निघण्याच्या आदल्या दिवशी नागरिकशास्त्राच्या सरांनी आम्हाला गृहपाठ दिला. ट्रंका भरून झाल्या होत्या, कोणाचंच लक्ष वर्गात नव्हतं. सर म्हणाले, "तुमच्या गावातली एक पाटी निवडा. चौकाची, रस्त्याची, शाळेची, कसलीही. तीन प्रश्नांची उत्तरं लिहून आणा. ज्याचं नाव पाटीवर आहे त्याने काय केलं? ते नाव तिथे कोणी दिलं? आणि त्याआधी त्या जागेचं नाव काय होतं?"

मला हा गृहपाठ सोपा वाटला. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मोबाइल होता आणि तिसरा प्रश्न मी मनातल्या मनात खोडूनही टाकला होता. प्रत्यक्षात त्याच प्रश्नाने माझी सगळी सुट्टी खाल्ली. तो अभ्यास मराठी विभागासाठी लिहितो आहे.

माझं घर रायपूरला. आपल्या शाळेत मला पहिल्याच वर्षी "छत्तीसगढचा असून मराठी कसा?" असं विचारलं गेलं होतं. त्याचं उत्तर थोडक्यात देतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये भास्करपंतांबरोबर छत्तीसगढात शिरल्या. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, पण कारकून, शिक्षक, वकील म्हणून आलेली मराठी घरं इथेच राहिली. रायपूरमध्ये वस्तीला 'पारा' म्हणतात. ब्राह्मणपारा, बूढापारा, टिकरापारा असे पारे आहेत आणि त्यांतच एक तात्यापाराही आहे. 'तात्या' हा शब्द कुठून आला ते वेगळं सांगायला नको. आम्ही घरी मराठी बोलतो, दुकानात हिंदी आणि भाजीवाल्या बाईंशी छत्तीसगढी. आमच्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली असते की मेसमध्ये मी 'पोळी' ऐवजी 'रोटी' म्हणालो की अजून हसू होतं.

आमचं घर लाखेनगरच्या बाजूला, जुन्या वस्तीत आहे. स्टेशनवरून ऑटोवाल्याला 'लाखेनगर' एवढंच सांगावं लागतं. लहानपणी मला वाटायचं की तिथे लाखो माणसं राहतात म्हणून ते लाखेनगर. हे मी पाचवीपर्यंत खरं मानत होतो आणि आता छापून येणार आहे, तरी सांगतो. म्हणून मी हीच पाटी निवडली.

वामन बळीराम लाखे यांचा जन्म १८७२ चा आणि मृत्यू १९४८ चा. मराठी माणूस, रायपूरचे वकील. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्रा या लहानशा गावातून 'छत्तीसगढ मित्र' नावाचं हिंदी मासिक काढलं, त्याचे प्रकाशक लाखे होते. सप्रेही मराठीच. त्यांनीच पुढे टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. मासिक तीन वर्षं चाललं आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडलं. मासिक बंद पडल्यावर माणसं पांगतात, पण लाखे सार्वजनिक कामात आणखी खोल गेले.

त्यांचं मोठं काम सहकाराचं. हे काम मला आधी कंटाळवाणं वाटलं होतं, कारण त्यात लढाई नव्हती. आजोबांनी समजावून सांगितल्यावर मत बदललं. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि धानाच्या शेतकऱ्यांना त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिलं आहे. ते म्हणाले, "बाळा, धान वर्षातून एकदा येतं, पण पोट रोज लागतं. मधले महिने शेतकरी सावकाराकडे जातो. बी उधार, बैल उधार, लग्न उधार. धान आलं की ते खळ्यावरूनच सावकाराकडे जातं." १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने दहा माणसांना एकत्र येऊन संस्था काढता येऊ लागली. एकट्या शेतकऱ्याला कोणी कर्ज देत नव्हतं, पण दहा जण एकमेकांची जबाबदारी घेत असतील तर देता येत होतं. तरी या लहान संस्थांना पैसा पुरवणारं कोणीतरी लागतं. १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना जागा दिली आणि १९१३ मध्ये लाखे यांनी रायपूरला सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. तिचं काम त्यांनी पुढे कितीतरी वर्षं पगार न घेता पाहिलं. १९४५ मध्ये, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी सुरू करण्यातही तेच पुढे होते. शेतकऱ्याचं धान त्याच्याच गिरणीत कांडलं जावं, हा हिशेब त्यामागे होता.

सरकारने त्यांना एक पदवी दिली होती. ती त्यांनी १९२० च्या असहकारात परत केली. त्यावर लोकांनी आपल्याकडून त्यांना 'लोकप्रिय' ही पदवी देऊन टाकली! १९३० च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक पांडव म्हणत. लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. यातला मौलाना नकुल मला फार आवडला. १९४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात लाखे पुन्हा तुरुंगात गेले, तेव्हा ते सत्तरीला टेकलेले होते. आमच्या क्रॉस कंट्रीत मी सहाव्या किलोमीटरला बसलो होतो, ते इथे उगाच आठवलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. दुसरा प्रश्न, नाव कोण देतं?

याचा शोध घेताना मला कळलं की आपल्याकडे सन्मान देण्याच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर लोकांनी निवडून दिलेली माणसं बसलेली आहेत. रायपूरची नगरपालिका १८६७ ची, आता ती महानगरपालिका आहे. शहराचे ७० वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डाला नुसता क्रमांक नाही, नावही आहे. त्यांत वामनराव लाखे वॉर्ड आहे, माधवराव सप्रे वॉर्ड आहे, मौलाना अब्दुल रऊफ वॉर्ड आहे, ठाकूर प्यारेलाल वॉर्ड आहे. म्हणजे पार्षद (आपल्याकडे नगरसेवक म्हणतात) निवडून येतो तेव्हा तो यांच्यापैकी एकाच्या नावाने सभेत बसतो. रस्त्याला किंवा चौकाला नाव द्यायचं तर वस्तीतले लोक पार्षदाकडे अर्ज करतात, पार्षद तो पुढे नेतो आणि महानगरपालिकेत ठराव होतो.

त्याच्या वरची पायरी राज्याची. १ नोव्हेंबर हा छत्तीसगढचा स्थापना दिवस. त्या राज्योत्सवात वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांना सन्मान दिले जातात आणि ते सन्मान याच मातीतल्या माणसांच्या नावाचे असतात. शहीद वीर नारायण सिंह, गुरू घासीदास, पंडित सुंदरलाल शर्मा, आणि सहकारासाठी ठाकूर प्यारेलाल सिंह. अर्जुनाच्या नावाने सन्मान आणि युधिष्ठिराच्या नावाने ऑटोचा थांबा, असं मी म्हणालो तेव्हा आजोबा हसले नाहीत.

या वर्षी, २०२५ मध्ये, राज्याला २५ वर्षं पूर्ण झाली आणि १ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते नवा रायपूरमध्ये विधानसभेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. सभागृहाच्या छतावर धानाच्या लोंब्या कोरल्या आहेत. आजी म्हणाली, "वर पाहिलं की कळेल, कोणाचं खाताहेत ते." राज्याच्या विधानसभेचं पहिलं अधिवेशन १४ डिसेंबर २००० ला राजकुमार कॉलेजात भरलं होतं, कारण तेव्हा स्वतःची इमारतच नव्हती. या विधानसभेचा एक नियम आपल्या शाळेत सर्वांना आवडेल. कोणी आमदार आरडाओरडा करत अध्यक्षांसमोरच्या हौदात उतरला, तर त्याला निलंबित करायला कोणी ठराव मांडावा लागत नाही. पाऊल ठेवलं की तो आपोआप निलंबित. आणि हा नियम आमदारांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलेला आहे. आमच्या उस्तादांना मी हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, "आपोआप?"

त्याच दिवशी शहीद वीर नारायण सिंह यांच्या स्मारकाचं आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या संग्रहालयाचंही उद्घाटन झालं. नारायण सिंह सोनाखानचे जमीनदार, बिंझवार आदिवासी. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार उघडून धान्य भुकेल्या लोकांना वाटलं. त्यांना पकडलं. ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, सोनाखानला जाऊन लढले आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपूरमध्ये फाशी गेले. आज जिथे जयस्तंभ चौक आहे तीच ती जागा, असं रायपूरकर मानतात.

इथपर्यंत माझी वही व्यवस्थित चालली होती. मग आमच्या गल्लीची सभा झाली.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणायचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलीला ते विचारलेलं नाही. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपल्यावरही रात्री-अपरात्री कोणी दार वाजवलं की त्या पिशवी घेऊन निघायच्या. माझे बाबा त्यांच्याच हातांवर जन्मले. गेल्या वर्षी त्या वारल्या. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं की गल्लीला त्यांचं नाव द्यावं आणि पार्षदाला अर्ज करावा. "मिलिट्री स्कूलचा मुलगा आहे, तोच लिहील," असं कोणीतरी म्हणालं आणि कागद माझ्याकडे आला.

मी अर्ज हिंदीत लिहिला. पहिलंच वाक्य असं होतं की या गल्लीला आजपर्यंत कोणतंही नाव नाही, म्हणून तिला सिस्टरांचं नाव द्यावं.

हे वाक्य लिहिताना माझ्या डोक्यात अंदमान होतं. आपल्या असेंब्लीत त्यावर मी बोललो होतो. २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारमधल्या २१ मोठ्या बेटांना २१ परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली गेली. सर्वांत मोठ्या बेटाला पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा यांचं नाव आहे. एका बेटाला राम राघोबा राणे यांचं. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली होती. त्या बेटांना त्याआधी नाव नव्हतं. मी ते वाक्य तसंच्या तसं गल्लीला लावलं.

सह्या घ्यायला घरोघर गेलो. कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांना सगळे 'बबा' म्हणतात. छत्तीसगढीत बबा म्हणजे आजोबा. त्यांनी अर्ज वाचून दाखवायला सांगितलं. पहिलं वाक्य ऐकूनच त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "नांव नइये? इमली गली काय हे?" म्हणजे नाव नाही म्हणतोस, मग इमली गली हे काय आहे?

मी म्हणालो, "बबा, इमली कुठे आहे? चिंच तर नाहीच."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी सहीही केली नाही. मला वाटलं, सिस्टरांच्या नावाला त्यांचा विरोध आहे. घरी येऊन मी थोड्या रागानेच आजोबांना सांगितलं. आजोबांनी वही मागितली आणि सरांच्या तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. 'त्याआधी त्या जागेचं नाव काय होतं?' पुढची जागा कोरी होती.

"चल," म्हणाले, "फिरून येऊ."

आम्ही चालत बूढा तालाबावर गेलो. रायपूरच्या मधोमध असलेलं हे मोठं तळं. काठावर सरकारी नाव आहे विवेकानंद सरोवर, आणि तळ्यात मध्ये स्वामी विवेकानंदांचा मोठा पुतळा आहे. विवेकानंद लहानपणी, १८७७ पासून दोनेक वर्षं, रायपूरला राहिले होते. त्यांच्या वडिलांचं इथे काम होतं. रायपूरच्या विमानतळालाही २०१२ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. हा सन्मान कोणालाही पटेल असाच आहे. पण तळ्याकाठच्या चणेवाल्याला आजोबांनी विचारलं, "हे कुठलं तळं?" तो म्हणाला, "बूढा तालाब." आजोबा म्हणाले, "आणि विवेकानंद सरोवर?" तो म्हणाला, "तेही हेच."

आजोबांनी सांगितलं की बूढा म्हणजे म्हातारं तळं नव्हे. गोंडांचा देव बूढादेव, त्याच्या नावाचं हे तळं, असं जुने लोक सांगतात. तळ्याला सरकारी नाव दिलं तेव्हा खाली एक नाव आधीपासून होतं. लोकांनी ते जिभेवर ठेवलं म्हणून टिकलं. उलट लाखेनगर हे नाव सर्वांच्या जिभेवर आहे, पण त्यामागचा माणूस गेला. मी तिथे कठड्यावर बसून वहीत लिहिलं की नाव टिकणं आणि काम आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा मला ते फार मोठं वाक्य वाटलं होतं. आता वाचताना एवढंच दिसतं की सरांनी दोन वेगळे प्रश्न का विचारले होते ते मला तिथे कळलं.

माझ्या मते इथेच या विषयाचा गाभा आहे. निवडून आलेल्या माणसांकडे लोक दोन कामं घेऊन येतात. ज्यांनी सेवा केली त्यांचा मान करा, आणि आमच्या वस्तीचं जे जुनं आहे ते सांभाळा. दोन्ही मागण्या चांगल्या आहेत, म्हणून त्या एकमेकींच्या आड येतील असं आपल्याला वाटत नाही. पण पाटी एकच असते. अमेरिकेत तर गावातल्या पोस्ट ऑफिसला एखाद्या शहीद सैनिकाचं किंवा शिक्षकाचं नाव द्यायचं असेल तरी त्यासाठी त्यांच्या संसदेत कायदा करावा लागतो. मला आधी हे हास्यास्पद वाटलं, एवढ्यासाठी कायदा! पण निदान तिथे नाव देण्याआधी कोणीतरी उभं राहून त्या माणसाचं काम सभागृहाच्या कामकाजात नोंदवतं.

जुनं सांभाळण्याचं कामही कायद्याने होऊ शकतं, याचं उदाहरण छत्तीसगढातच आहे. २८ नोव्हेंबर २००७ ला इथल्या विधानसभेने हिंदीबरोबर छत्तीसगढीलाही राजभाषा करणारं विधेयक मंजूर केलं. तो दिवस आता छत्तीसगढी राजभाषा दिवस म्हणून पाळतात. बबा ज्या भाषेत मला रागावले, त्या भाषेला त्या दिवशी कायद्यात जागा मिळाली. कायदा झाला म्हणून दुकानातल्या पाट्या बदलल्या नाहीत, असं बाबा म्हणतात. खरं आहे. पण हिंदी काढून छत्तीसगढी आणली असं झालं नाही, दोन्ही शेजारी ठेवल्या. मला अर्जाची वाट तिथे सापडली.

दुसऱ्या दिवशी मी बबांकडे परत गेलो. माफी मागण्याची आमची शाळेतली पद्धत, सावधान उभं राहून, तिथे जरा विचित्र दिसली. त्यांनी खाली बसायला सांगितलं. मग चिंचेची गोष्ट कळली. झाड गल्लीच्या तोंडाशी होतं, जिथे आता विजेचा खांब आहे. त्यांचे वडील त्याच्या सावलीत मासे विकायचे. गल्लीतली लग्नं त्याखाली लागायची. बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवर उतरला की 'इमली गली' म्हणायचा. एका पावसाळ्यात झाड पडलं. बबा म्हणाले, "नांव ल घलो मेटा देहू त मोर घर ल कोन खोजही?" नावही पुसून टाकाल तर माझं घर कोण शोधेल? सिस्टरांबद्दल विचारलं तर त्यांचे डोळेच भरून आले. विरोध सिस्टरांना नव्हता, माझ्या पहिल्या वाक्याला होता.

मग अर्ज नव्याने लिहिला. यात माझ्यापेक्षा आजोबांचा हात जास्त आहे, कारण त्यांना सरकारी कागदाची भाषा येते. त्यात मागितलं ते असं: गल्लीचं 'इमली गली' हे नाव तसंच राहावं आणि अधिकृत नोंदीत यावं. गल्लीच्या तोंडाशी, खांबाजवळ, सिस्टरांच्या नावाचा फलक लागावा आणि त्यावर नुसतं नाव नको, चार ओळींत काम लिहिलेलं असावं. पाचव्या ओळीत इथे चिंच होती हेही यावं.

चार ओळी लिहायला बसलो आणि अडकलो. 'थोर समाजसेविका' असं मी सुरुवातीला लिहिलं होतं. आजोबांनी ते खोडलं. म्हणाले, "हे कोणालाही लावता येतं. मग तिचं काय?" त्यावरून त्यांनी मला १८५८ ची रायपूरच्या छावणीची हकिगत सांगितली. आपल्या वाचकांना ती माहीत असायला हवी. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री तिसऱ्या पलटणीतला मॅगझिन लष्कर हनुमान सिंह याने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं आणि बंडाची हाक दिली. बंड काही तासांत मोडलं. हनुमान सिंह निसटला, तो सापडलाच नाही. पण त्याचे १७ साथीदार पकडले गेले आणि २२ जानेवारीला, म्हणजे चौथ्याच दिवशी, त्यांना फाशी दिलं. गाझी खान, अब्दुल हयात, शिवनारायण, मातादीन, ठाकूर सिंह, अकबर हुसेन, बल्ली दुबे, नजर मोहम्मद, देवीदीन... नावं वाचत गेलं की आपल्या सकाळच्या हजेरीसारखं वाटतं. हनुमान सिंहाला आज छत्तीसगढचा मंगल पांडे म्हणतात. बाकीच्यांना आपण 'आणि १७ साथीदार' म्हणतो. मीही आत्ता सगळी १७ नावं लिहिली नाहीत, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. राहिलेली ही: मुल्लू, पन्नालाल, लल्ला सिंह, बुद्धू सिंह, परमानंद, शोभाराम, दुर्गाप्रसाद, शिवगोविंद.

तर सिस्टरांच्या चार ओळींत विशेषण एकही ठेवलं नाही. कुठल्या खात्यात नोकरी, किती वर्षं, निवृत्तीनंतर कोणासाठी दार उघडं, एवढंच. घरोघर पुन्हा सह्या घेतल्या. बबांनी सही केली, तीही सर्वांत वर जागा शोधून. पार्षदांकडे आम्ही पाच जण गेलो. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. इमली गली हे नाव त्यांनाही आवडलं, पण ते म्हणाले की फलकावर वर्षं घालायची असतील तर ती पक्की हवीत. नोकरी कधी लागली, कधी संपली, झाड कोणत्या साली पडलं. ठरावात चुकीचं साल गेलं तर ते दगडावर चुकीचंच कोरलं जाईल.

आमच्यापैकी कोणालाच एकही साल नक्की माहीत नव्हतं.

माझी सुट्टी संपली. गाडीत डोंगरगडच्या टेकडीवरचं बमलेश्वरीचं देऊळ मागे गेलं तेव्हा मी गृहपाठ पूर्ण करत होतो. वर्गात मी लाखेनगर आणि इमली गली, दोन्हींबद्दल वाचून दाखवलं. सरांनी विचारलं, "लाखेनगरचं आधीचं नाव?" ते मला अजूनही सापडलेलं नाही. सरांनी त्या प्रश्नाचे गुण कापले.

गेल्या रविवारी फोनच्या रांगेत नंबर लागला तेव्हा आजोबांनी बातमी दिली. सिस्टरांच्या मुलीला कपाटात पेन्शनचं पुस्तक सापडलं आहे, म्हणजे नोकरीची वर्षं मिळाली. राहिलं चिंचेचं साल. ते बबांना आठवत नाही, पण एवढं आठवतं की झाड पडलं त्याच पावसात, त्याच आठवड्यात, सिस्टरांनी त्यांच्या धाकट्या मुलाचं बाळंतपण केलं होतं आणि पडलेल्या फांद्यांवरून त्या आत आल्या होत्या. तो मुलगा आता भिलाईला असतो. आजोबांनी त्याला जन्मदाखला शोधायला सांगितला आहे.